वायरलेस गेटवेचा वीजपुरवठा आणि वायरिंग

कारखान्यातला वायरलेस गेटवे बहुधा २४ व्होल्ट डीसीवर चालतो. पॅनेलमध्ये डिन रेलवर बसवलेला एसएमपीएस २३० व्होल्ट एसीचे २४ व्होल्ट डीसी करतो आणि तिथून फ्यूजमार्गे गेटवेला पुरवठा जातो. काँटॅक्टरच्या कॉइल आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह ज्या एसएमपीएसवर आहेत, त्यावर गेटवे टाकू नये. कॉइल बंद होताना व्होल्टेज उसळते आणि गेटवे विनाकारण रीसेट होऊ शकतो.

तारेची जाडी हा सर्वात दुर्लक्षित भाग. ०.५ चौरस मिमी तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण ३६ ओहम असतो. गेटवे ५० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १०० मीटर तार, म्हणजे ३.६ ओहम, अर्ध्या अँपिअरला १.८ व्होल्ट वाटेतच गळतात. २४ व्होल्टला हे खपते, १२ व्होल्टला खपेलच असे नाही.

पीओईची (पॉवर ओव्हर इथरनेट) सोय असल्यास एकाच इथरनेट केबलमधून वीज आणि डेटा दोन्ही जातात, १०० मीटरपर्यंत. उंचावरच्या गेटवेसाठी हाच मार्ग उत्तम.

मीटर आणि सेन्सर गेटवेला आरएस-४८५ या सिरियल वायरिंगवर जोडताना पीळ दिलेली शील्डेड जोडी वापरावी, सगळी उपकरणे एकाच रांगेत घ्यावीत, फाटे फोडू नयेत. रांगेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोधक लागतो. शील्ड साधारणपणे एकाच टोकाला अर्थ करतात. ही केबल व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलपासून दूर, वेगळ्या ट्रेमधून न्यावी.

लोखंडी पॅनेलच्या आत अँटेना ठेवल्यास सिग्नल अडतो. ती बाहेरच हवी. छतावर नेल्यास सर्ज अरेस्टर आणि अर्थिंग अनिवार्य समजावे.