मुक्काम, गाणे आणि पोरेबाळे

पौषातल्या कडाक्याच्या थंडीत पिंपळगाव बसवंतच्या रस्त्याने पहाटे टाळांचा आवाज आला की समजावे, त्र्यंबकच्या वारीला दिंड्या निघाल्या. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी जिल्ह्यातून आणि जिल्ह्याबाहेरूनही शेकडो दिंड्या पायी त्र्यंबकेश्वरी जातात. माणसे दिवसभर चालतात, रात्री एखाद्या शाळेच्या आवारात, मळ्यात किंवा राहुटीत पथारी टाकतात आणि पाठ टेकण्याआधी भजन-कीर्तन करतात. त्यांत म्हाताऱ्या असतात, लेकुरवाळ्या असतात, आजोबांचे बोट धरून आलेली नातवंडे असतात.

याच हिवाळ्याच्या शेवटी, याच जिल्ह्यात दुसरी एक जत्रा भरते. नाशिकच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या बाजूला, सुला वाइनरीच्या द्राक्षबागांत २००८ साली 'सुलाफेस्ट' सुरू झाला. करोनाच्या काळात त्यात खंड पडला. २०२५ च्या फेब्रुवारीत तो पुन्हा भरला. तिथे टाळ-मृदंगाच्या जागी गिटार आणि ड्रम, प्रसादाच्या जागी खाण्याचे ठेले, आणि मुक्कामाला तंबू. त्याचे पाहून आता ठिकठिकाणी, कुठे धरणाकाठी तर कुठे कुणाच्या बागेत, शनिवार-रविवार तंबू ठोकून गाण्याच्या रात्री होऊ लागल्या आहेत. जाहिरातीत 'सहकुटुंब या' असे हमखास लिहिलेले असते.

या दोन गर्द्या एका दमात सांगितलेल्या काहींना रुचणार नाहीत. भक्तीची आणि करमणुकीची बरोबरी करण्याचा माझा इरादा नाही. पण उघड्या माळावर, कापडाच्या भिंतीआड, अनोळखी माणसांच्या शेजारी पोराबाळांसह रात्र काढायची आणि गाणे ऐकायचे, एवढी गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. आणि त्या कामात आपला समाज नवखा नाही, हे आपण विसरतो.

पंढरीच्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीला जी शिस्त आहे ती एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावून दिली. दिंड्यांना क्रमांक, प्रत्येक दिंडीत विणेकऱ्याचा मान, चालण्याचा क्रम ठरलेला, तळावर कुणाची राहुटी कुठे तेही ठरलेले. मुक्कामी समाजआरती होते तेव्हा चोपदार आपला दंड उंच धरतो आणि हजारोंचा जमाव शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवीत राहते; चोपदार तिकडे जाऊन ऐकून घेतो. मग हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारतात. पोलीस नाही, शिट्टी नाही, दांडगाई नाही. ज्याला आज इंग्रजीत मोठमोठी नावे आहेत ते गर्दीचे व्यवस्थापन याहून वेगळे काय असते?

नव्या जत्रेत चोपदार नाही. तिथे खांद्यावर तगडे हात असलेली काळ्या कपड्यांतली मुले असतात, त्यांना आपले नाव माहीत नसते आणि आपल्याला त्यांचे. म्हणून कुटुंबाची शिस्त कुटुंबानेच घरून नेलेली बरी.

पहिली गोष्ट, हरवलेले मूल. आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे मी बँकेच्या काउंटरमागे काढली. जुन्या काळी खातेदाराला पितळी टोकन मिळे. टोकन परत केल्याशिवाय कॅशियर एक रुपया देत नसे, मग समोर सरपंच उभा असो. मुलाच्या मनगटाला किंवा सदऱ्याच्या आतल्या बाजूला आई-बापांचे मोबाइल क्रमांक लिहिलेली पट्टी बांधावी, ते टोकनच समजा. नाव मात्र बाहेर दिसेल असे लिहू नये; नावाने हाक मारणाऱ्यामागे मूल लगेच जाते. ध्वनिक्षेपकावरून पुकारतानाही 'अमुक नावाचा, लाल सदऱ्याचा मुलगा सापडला आहे' असे सांगणे चूक. 'एक मूल सापडले आहे' एवढेच सांगावे आणि नाव, कपडे, खूण न्यायला येणाऱ्याने सांगावी. शिरताना एक ठळक जागा सगळ्यांनी मिळून पाहून ठेवावी आणि चुकामूक झाली तर तिथेच यायचे हे पोरांकडून वदवून घ्यावे. रात्रीच्या आवाजात आणि मोबाइलच्या हरवलेल्या रेंजमध्ये तेवढाच आधार उरतो. ११२ हा पोलिसांचा, १०८ रुग्णवाहिकेचा आणि १०९८ मुलांच्या मदतीचा क्रमांक; तीन आकडे पाठ असायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट गर्दीची. चेंगराचेंगरी म्हटले की माणसे पळाली, पडली, तुडवली गेली असे चित्र डोळ्यांसमोर येते. पुष्कळदा तसे होत नाही. एका चौरस मीटरमध्ये चार माणसे असली तरी हलता येते. तीच संख्या सहा-सातवर गेली की गर्दी पाण्यासारखी वागू लागते. लाट येते, माणूस स्वतःच्या पायांवर असूनही स्वतःच्या मर्जीने हलू शकत नाही, छाती फुगवायला जागा उरत नाही आणि उभ्या-उभ्या श्वास कोंडतो. डेन्मार्कमधल्या रॉस्किल्डे येथे २००० साली तंबूंच्या मुक्कामाच्या अशाच संगीत महोत्सवात रंगमंचासमोर नऊ तरुण गेले. अमेरिकेत ह्यूस्टनला नोव्हेंबर २०२१ मध्ये एका मैफलीत दहा जण गेले, त्यांतले सर्वांत लहान मूल नऊ वर्षांचे, आणि ते वडिलांच्या खांद्यावर बसून गाणे पाहत होते. लांब कशाला जा? २००३ च्या सिंहस्थात आपल्याच पंचवटीत ३९ भाविक गेले. २००५ च्या जानेवारीत मांढरदेवीला नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर जे सुरू झाले त्यात जवळजवळ तीनशे माणसे दगावली.

तेव्हा मूल बरोबर असेल तर जागा मागे आणि कडेला. दाट गर्दीत मुलाला खांद्यावर घेणे हे प्रेमाचे असले तरी धोक्याचे आहे. लाट आली की बाप आधी तोल सावरणार की पोर? अडकलोच तर दोन्ही हात छातीपुढे घडी घालून श्वासापुरती जागा राखावी, ओरडण्यात दम घालवू नये, लाट ओसरेल त्या क्षणी तिरके-तिरके कडेला सरकावे. पडलेली चप्पल, पडलेला मोबाइल उचलायला वाकू नये. पडलेले माणूस मात्र उचलावे, तेही ताबडतोब.

आता थंडी. बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगून खरे वाटत नाही, पण आमच्या निफाड तालुक्यात पारा चार अंशांच्याही खाली जातो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली तापमानाची नोंद दरवर्षी हिवाळ्यात वर्तमानपत्रात वाचायला मिळते ती त्यासाठीच. घड तडकू नयेत म्हणून शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. मुंबई-पुण्याहून फेब्रुवारीच्या उन्हात येणारे कुटुंब एक पातळ चादर घेऊन येते, रात्री दोन वाजता पोरे कुडकुडू लागतात आणि कुणीतरी कोळशाची शेगडी तंबूत ओढून घेतो. हे कदापि करू नये. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या लाल द्रव्याला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो आणि झोपलेले माणूस झोपेतच जाते. धूर थांबला, निखारे लाल झाले, आता भीती नाही असे वाटते, तीच वेळ वाईट. बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपणेही त्याच जातीचे. गोधड्या न्याव्या, कानटोप्या न्याव्या, जमिनीकडून येणाऱ्या थंडीसाठी खाली जाड सतरंजी किंवा गवताची गादी अंथरावी. शेकोटी बाहेर, तंबूपासून चांगली लांब, आणि झोपण्याआधी पाणी ओतून विझवलेली.

द्राक्षबाग हे दिवसा छायाचित्रासाठी फार देखणे ठिकाण आहे. अंधारात तिथे लोखंडी अँगल असतात, ओळीच्या टोकाला जमिनीत तिरक्या गाडलेल्या ताणाच्या तारा असतात, तंबूचे तणावे असतात. धावणाऱ्या पोराला त्यांतले काहीच दिसत नाही. तारेवर पांढरी चिंधी बांधली तरी पुष्कळ काम होते. तोडणीला आलेले घड पाहून हात शिवशिवतो, पण शेवटची फवारणी कधी झाली हे मालकालाच ठाऊक. विचारून घ्यावे, धुऊन खावे.

आणि सगळ्यांत जास्त जिवाला घोर लावणारी वस्तू म्हणजे शेततळे. बँकेत असताना शेततळ्याची कितीतरी कर्जप्रकरणे माझ्या टेबलावरून गेली. अंदाजपत्रकात खोदाई असे, प्लास्टिकचा कागद असे, पंप असे. कुंपणाचा आकडा यादीच्या शेवटी, आणि पैसे कमी पडले की तोच आधी गळे. विहिरीला पायऱ्या असतात, नदीला उतार असतो. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याला काहीच नसते. बाजू तिरप्या, ओल्या, शेवाळलेल्या. पोहता येणारा गडीसुद्धा हात टेकून वर येऊ शकत नाही, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही आत घसरतो. आमच्या भागात अशा बातम्या नव्या नाहीत. बागेत तंबू ठोकण्याआधी मालकाला पहिला प्रश्न विचारावा तो तळे कुठे आहे हा, दुसरा त्याला कुंपण आणि दार आहे का हा. काठाला खुंट्याला बांधलेला जाड दोर आत सोडलेला असावा, हवा भरलेली जुनी ट्यूब असावी. नसेल तर दुसरी बाग शोधावी. भाड्याचे पैसे बुडाले तरी चालतील.

वागणुकीबद्दल फार काही सांगण्याची माझी पात्रता नाही, पण एक-दोन गोष्टी. कापडाच्या भिंतीला कान असतात. आपल्या तंबूतली थट्टामस्करी शेजारच्या तंबूतल्या आजीला आणि बारा वर्षांच्या मुलीला शब्दन् शब्द ऐकू जाते. दुसऱ्याच्या लेकराचे, झोपलेल्या बाईचे छायाचित्र काढू नये; मोबाइल आपला असला तरी माणसे आपली नाहीत. बाया-मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर दिवा आहे की नाही हे संयोजकाला संध्याकाळीच विचारावे, रात्री बारा वाजता विचारून उपयोग नाही. वाइनबद्दल कायदा स्पष्ट आहे: महाराष्ट्रात एकवीस वर्षांखाली नाही. 'एक घोट चाखू दे की' म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांना घरातल्याच कुणी आवरावे. मोठ्यांपैकी एकाने त्या रात्री अजिबात घेऊ नये. पोराला ताप भरला तर गाडी कोण चालवणार? रक्ताच्या शंभर मिलिलिटरमध्ये तीस मिलिग्रॅमवर अल्कोहोल गेले की गाडी चालवणे गुन्हा आहे, आणि आमचा मुंबई-आग्रा महामार्ग शुद्धीतल्या माणसाचीही परीक्षा पाहतो.

राहता राहिला आवाज. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले मोजके, फार तर पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते. १९५३ पासून चालत आलेल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभराच्या बैठकी गेल्या तेव्हा रसिक हळहळले. पहाटेचे राग पहाटे ऐकण्याचे सुख गेले ते गेलेच. पण माळापलीकडच्या वस्तीवर सकाळी सहाला तोडणीला जाणाऱ्या बाया झोपलेल्या असतात, त्यांनी आपले तिकीट घेतलेले नसते. आणि आपल्या मुलांचे कान? जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मैफलींच्या जागांसाठी सरासरी शंभर डेसिबलची वरची मर्यादा सुचवली, तीही मोठ्यांचा विचार करून. शंभर डेसिबलला पाऊण तास म्हणजे कानाला फार झाले. ध्वनिक्षेपकाच्या भिंतीपासून दूर बसावे, लहानग्यांच्या कानांवर जाड कर्णरक्षक चढवावेत. कापसाचे बोळे पुरत नाहीत.

दहाला ध्वनिक्षेपक बंद झाले की तळावर दिवे मंद होतात. कुणाच्या तरी तंबूत तान्हे रडते, कुणी पेटी काढतो, कुणाची आजी ओवी म्हणते, पलीकडची अनोळखी पोरे गिटार खाली ठेवून ऐकत बसतात. तेवढ्यात उठून एक फेरी मारावी: शेकोटी विझली आहे का, तळ्याच्या दाराला कडी आहे का, आणि आपल्या तंबूत डोकी मोजून किती भरतात ते पाहावे.