माकडताप : चोर्ल्याच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांना सुट्टी लागली की पोरांच्या दुचाक्या जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट नाहीतर तिळारीकडे वळतात. काजूच्या हंगामात याच वाटेने जिल्ह्यातले मजूर गोव्याच्या सत्तरी तालुक्यात कामाला जातात. २०१६ साली तिथून परतलेल्या काही मजुरांना माकडतापाची लागण झाल्याचे आढळले. म्हणून या रानात जाणाऱ्या प्रत्येकाला या रोगाची माहिती हवी.

रोग कुठला?

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि आसपासची माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्यामागचा विषाणू शोधला. पुढे हा रोग सह्याद्रीच्या कडेने पसरत सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोहोचला.

लागण कशी होते?

विषाणू गोचिडीच्या चाव्यातून अंगात शिरतो. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिड्या तिथेच गळून पडतात आणि तेवढी जागा धोक्याची होते. डिसेंबर ते मे या काळात गोचिडीची पिल्ले जास्त असतात. ती राईच्या दाण्याहून लहान, त्यामुळे चावली तरी कळत नाही. काजूच्या बागेत खाली पडलेले बोंड उचलायचे, पिळून बी काढायची आणि दमले की त्याच पाचोळ्यावर टेकायचे. गोचीड अंगावर चढते ती अशीच. माणसापासून माणसाला हा रोग होत नाही.

लक्षणे

चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत थंडी वाजून जोराचा ताप येतो. डोके ठणकते, अंग मोडून येते, डोळे लाल होतात, उलट्या होतात. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. ताप उतरल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी काहींना तो पुन्हा गाठतो. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात.

काय काळजी घ्यावी?

पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पँट मोज्यांत खोचा, उघड्या अंगाला कीटकरोधक मलम किंवा तेल लावा. पाचोळ्यावर बसू नका. परतल्यावर कपडे गरम पाण्यात धुवा, अंघोळ करा. काखा, जांघा, कानामागची जागा नीट तपासा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. नखाने चिरडू नका, रॉकेल ओतू नका. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

ताप आलाच तर

या रोगावर नेमके औषध नाही. जुनी लसही परिणाम कमी म्हणून बंद झाली. पण वेळेवर सलाईन मिळाले, रक्तस्रावावर लक्ष राहिले, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण कोणत्या रानात, कधी गेलो होतो ते आधी सांगा. साधा ताप किंवा डेंगी समजून दिवस वाया जाण्यापेक्षा ही एक माहिती लवकर मिळाली, तर योग्य ती रक्ततपासणी वेळेत होते.