बुटका गहू खोल पेरू नका

गव्हाची उगवण विरळ झाली की आपण बियाण्याला दोष देतो. बी कधी खराब निघतेही. पण पुष्कळदा बी चांगले असते, ते फक्त फार खोल पडलेले असते.

पूर्वीचा उंच गहू खत-पाणी वाढवले की ओंब्यांच्या भाराने आणि वाऱ्याने लोळायचा. त्यावरचा उपाय जपानात निघाला. तिथे १९३५ साली 'नोरिन १०' ही दोन फुटांच्या आसपास उंचीची जात तयार झाली. १९४६ साली तिचे बी अमेरिकेत गेले. पुढे मेक्सिकोत डॉ. नॉर्मन बोरलॉग यांनी तिच्या संकरातून आखूड, ताठ काडीचे वाण काढले. १९६६ साली भारताने तिथून १८ हजार टन बियाणे आणले. कल्याणसोना, सोनालिका हे वाण त्याच घराण्यातले. आज आपण पेरतो त्या बहुतेक बागायती वाणांतही तोच बुटकेपणाचा गुण आहे.

आता हा गुण काम कसा करतो? रोपात जिबरेलिन नावाचे वाढीचे द्रव्य असते. बुटक्या गव्हावर त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून काडी आखूड राहते. पण काडीबरोबर आणखी एक गोष्ट आखूड होते. कोवळ्या कोंबावर नळीसारखे आवरण असते. तेच माती भेदून कोंबाला वर आणते. बी खोल पडले तर आवरण मातीतच संपते, पान आतल्या आत बाहेर पडते, दुमडते आणि पिवळे पडून मरते. उंच गव्हाचे आवरण लांब, म्हणून तो खोल ओलीत पेरलेला चालायचा. बुटक्याला ती रीत चालत नाही.

तेव्हा एवढे करा :

१. वाफसा आल्यावर ५ ते ६ सेंटिमीटर खोलीवर, म्हणजे सुमारे दोन इंचांवर पेरा.

२. ढेकळे फोडून रान भुसभुशीत करा.

३. पहिले तास पेरले की थांबा. दोन-तीन ठिकाणी माती उकरून बी किती खोल पडले ते बोटाने मोजा. जास्त खोल असेल तर पाभर उथळ धरा, मगच पुढे चला.

४. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. त्या वेळचे पाणी चुकवू नका. फुटवे त्यावरच अवलंबून असतात.

खोल गेलेले बी मागून खत टाकून वर येत नाही. म्हणून पहिल्या तासालाच खात्री करून घ्या.