घरच्या दफ्तरखान्याची वहिवाट

जमिनीचे उतारे, मुलांच्या पदव्या, लग्नकार्यांची छायाचित्रे आणि वडिलांच्या हस्ताक्षरातील टिपणवह्यांच्या प्रती ज्यांनी दरमहा भाडे भरून परक्यांच्या संगणकांवर ठेवल्या आहेत, त्यांना या दफ्तरावर अखेर हुकूम कोणाचा चालतो हा प्रश्न भाडे वाढल्याखेरीज सहसा पडत नाही. मला तो बरीच वर्षे पडत आला आहे, आणि त्यातूनच घरातल्या संगणकावर स्वतःचा फाईल-व्यवस्थापक चालवून तो कोणत्याही ब्राउझरमधून वापरण्याचा नाद मला जडला.

पूर्वपीठिका थोडक्यात उरकतो. जॉन सोचा यांच्या नॉर्टन कमांडरने १९८६ मध्ये शेजारीशेजारी दोन फलकांत फायली दाखवण्याची रीत रूढ केली. १९९४ मध्ये मिगेल दे इकाझा यांनी तीच रीत मिडनाइट कमांडरच्या रूपाने युनिक्सच्या जगात आणली. पुढे हा सारा कारभार ब्राउझरमध्ये आला, आणि २०१६ मध्ये ओनक्लाउडमधून फुटून नेक्स्टक्लाउड उभे राहिले. नेक्स्टक्लाउड समर्थ आहे, पण पंचांग, पत्तेवही आणि संभाषण असा सगळा संसार ते बरोबर घेऊन येते. ज्याला केवळ कागद सांभाळायचे आहेत त्याने, माझ्या मते, त्या वाटेस जाऊ नये. त्याच्यासाठी फाईल ब्राउझर हा गो भाषेत लिहिलेला, एकाच सुटसुटीत प्रोग्रामात सामावलेला आणि विनामूल्य व्यवस्थापक पुरेसा आहे.

मांडणी अवघड नाही. जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय घ्यावा, त्यावर लिनक्स आणि प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारे डॉकर घालावे, आणि डॉकरला तीन गोष्टी सांगाव्यात: दाखवायचा फोल्डर कोणता, वापरकर्त्यांची नोंद ठेवणारी डेटाबेसची फाईल कोठे राहील, आणि ब्राउझरने कोणत्या पोर्टवर दार ठोठावायचे. अलीकडच्या आवृत्त्यांत पहिल्या वेळी ‘अॅडमिन’ या नावाचा पासवर्ड यंत्र स्वतःच तयार करते आणि लॉगमध्ये एकदाच छापते. तो तेथून टिपून घ्यावा आणि आत शिरताच बदलावा. डेटाबेसची फाईल कंटेनरच्या बाहेर ठेवली नाही, तर कंटेनर बदलताच सारे वापरकर्ते आणि त्यांचे अधिकार पुसले जातात.

हे झाले की बहुतेक लोक काम संपले असे समजतात; खरे काम येथे सुरू होते, आणि ते म्हणजे कोणाला कशाचा परवाना द्यायचा हे ठरवणे. सांगलीकडे माझे एक वडीलधारे स्नेही राहतात. भावाभावांत सामाईक असलेल्या जमिनीचे सातबारा, फेरफार आणि खरेदीखते त्यांनी स्कॅन करून अशाच व्यवस्थापकात ठेवली होती. मी गेलो तेव्हा त्यांचा पुतण्या मोठ्या अभिमानाने सांगत होता, “काका, सगळ्या फायली मी फक्त वाचण्यापुरत्या करून ठेवल्यात; आता कोणी हात लावू शकत नाही.” मी त्याला एक नमुन्याची फाईल तशीच करून ब्राउझरमधून पुसायला सांगितले. फाईल निमूट नाहीशी झाली. काकांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “मग कुलूप कशाला लावलंस रे?”

कारण असे की युनिक्सच्या न्यायात फाईल पुसण्याचा अधिकार फाईलवर अवलंबून नसतो, ती ज्या फोल्डरात आहे त्याच्यावर लिहिण्याच्या अधिकारावर असतो. मालक, गट आणि इतर या तिघांना वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचे १ अशा अंकांच्या बेरजेने हक्क दिले जातात. फोल्डरच्या बाबतीत ‘चालवणे’ म्हणजे आत प्रवेश करणे. म्हणून ७५० असे लिहिले की मालकाला सर्व, गटाला वाचन व प्रवेश, आणि इतरांना काहीच नाही.

याहून सूक्ष्म गोष्ट पुढेच आहे. फाईल ब्राउझरमध्ये आपण काका, पुतण्या, सूनबाई अशी कितीही खाती उघडली, तरी लिनक्सला त्यांपैकी एकाचीही ओळख नसते. सर्वांच्या वतीने कुलमुखत्यारासारखा एकच वापरकर्ता, म्हणजे ज्याच्या नावाने तो प्रोग्राम चालतो तो, सगळे व्यवहार करतो. पुतण्याने पुसू नये आणि काकांनी पुसावे हा भेद केवळ फाईल ब्राउझरच्या स्वतःच्या नोंदीत राहतो, आणि तेथे निर्माण, बदल, नामांतर, पुसणे, उतरवून घेणे, दुवा देणे अशा प्रत्येक गोष्टीची वेगळी खूण असते. तोच फोल्डर घरच्या नेटवर्कवर फोल्डर वाटून देणाऱ्या सांबामार्फतही उघडा ठेवला असेल, तर त्या वाटेने येणाऱ्याला या खुणा मुळीच लागू होत नाहीत. यास्तव मूळ दस्तऐवजांचा फोल्डर डॉकरला जोडतानाच केवळ-वाचन म्हणून जोडावा. मग अॅडमिनलाही ब्राउझरमधून तेथे खाडाखोड करता येत नाही. आम्ही सांगलीस तेच केले.

थोडे फायलींच्या नावांविषयी, कारण हा माझा दुसरा छंद. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधलेले असत, आणि रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तेव्हा कोठे अभ्यासकाला त्या राशीत वाट दिसू लागली. आपल्या राशीत ती वाट फाईलच्या नावानेच दाखवायची आहे. लिनक्समध्ये नावाला सामान्यतः २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ती काना-मात्रा का असेना, ३ बाइट खाते. म्हणजे ८५ चिन्हांत नाव आटोपावे लागते. शिवाय युनिकोडच्या क्रमात ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसतो, म्हणून मराठी वर्णक्रमाने नंतर यावयाचे ‘काळे’ यादीत ‘कासार’च्या आधी येऊन बसतात. मी नावाच्या आरंभी वर्ष-महिना-दिवस असा दिनांक घालतो, वाद मिटतो.

बाहेरगावाहून वापर हवा असेल, तर राउटरचे दार जगाला उघडे टाकू नये. २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच असलेल्या वायरगार्डने खाजगी बोगदा काढावा. व्यवस्थापकाच्या पुढे एन्जिनएक्स हा मध्यस्थ सर्व्हर ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की वर चढवायच्या मजकुराची त्याची मूळची मर्यादा १ मेगाबाइटची आहे. ती वाढवली नाही, तर मोठे स्कॅन ‘४१३’ असा आकडा दाखवून परत फिरतात.

एक गोष्ट मात्र वाचकांनी आजच करावी. ब्राउझरमधून पुसलेली फाईल कचरापेटीत जाईल आणि तेथून परत काढता येईल, असा भरवसा या व्यवस्थापकावर ठेवू नये. तेव्हा घरातली पहिली फाईल त्यात टाकण्यापूर्वी तिची एक प्रत वेगळ्या डिस्कवर आणि दुसरी वेगळ्या गावी, विश्वासू नातलगाच्या कपाटात ठेवावी.