नावं दोन, फाइल एक

केंदूरच्या एखाद्या खातेदाराचा आठ-अ उतारा काढला, की एका नावासमोर त्याचे गट नंबर दिसतात. जमिनीची हकीकत, म्हणजे क्षेत्र, पीक, बोजा, ती त्या गटाच्या सातबाऱ्यावर. लिनक्समध्ये फोल्डर हा असाच आठ-अ असतो: नाव, आणि समोर एक नंबर. या नंबराची नोंद म्हणजे आयनोड. मालक कोण, परवानग्या काय, मजकूर डिस्कवर कुठे, सगळं तिथे. फाइलचं नाव तेवढं तिथे नसतं.

म्हणून 'हार्ड लिंक म्हणजे कॉपी' हे चूक. लॅपटॉपवर 4 एमबीची 'उतारा.पीडीएफ' घ्या आणि 'एलएन' आज्ञेनं तिला 'सातबारा.पीडीएफ' असं दुसरं नाव द्या; हीच हार्ड लिंक. मग 'एलएस -एलआय' करून पाहा. दोन्ही ओळींच्या सुरुवातीला तोच नंबर, परवानग्यांपुढे 1 चा झालेला 2, आणि डिस्कवर जागा 4 एमबीच.

यातली मूळ कोणती, असं लोक हमखास विचारतात. घरी बाळू आणि दाखल्यावर ज्ञानेश्वर, यात मूळ माणूस कोणता? एक नाव उडवलं तर 2 चा 1 होतो, फाइल जागेवरच. आकडा शून्य झाला आणि कुठल्या प्रोग्रामनं ती उघडी धरलेली नसली, तरच जागा मोकळी होते.

सिंबॉलिक लिंक म्हणजे रस्त्यावरची 'केंदूर' अशी पाटी. ती स्वतंत्र फाइल असते आणि तिच्यात फक्त पत्ता लिहिलेला असतो. फाइल हलवली तरी पाटी उभीच राहते, जुन्याच दिशेला बोट दाखवत. त्या पत्त्यावर त्याच नावाची दुसरी फाइल ठेवलीत, तर लिंक निमूटपणे तीच उघडते. विंडोजचा शॉर्टकट हा प्रकार वेगळा: तो बहुतेक प्रोग्रामांना साधी फाइल वाटतो, सिंबॉलिक लिंक मात्र खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमच ओलांडून पुढे जाते. ही सोय युनिक्सच्या 4.2बीएसडी आवृत्तीत 1983 साली आली. शेजारच्या पाबळला डॉ. कलबागांनी विज्ञान आश्रम सुरू केला तेही 1983 सालीच, म्हणून मला हे वर्ष पाठ आहे.

हार्ड लिंक दुसऱ्या डिस्कवर का जात नाही? केंदूरचा गट 50 आणि पाबळचा गट 50 या वेगळ्या जमिनी. आयनोडचा नंबरही आपापल्या फाइल सिस्टिमपुरताच. पाटीला ही अडचण नाही, ती कुठल्याही गावाची लावता येते. फोल्डरलाही सिंबॉलिक लिंक चालते. फोल्डरची हार्ड लिंक मात्र लिनक्स करू देत नाही.

'हार्ड लिंक केलीय, बॅकअप आहे' या भरवशावर मात्र राहू नका. मजकूर बिघडला तर दोन्ही नावांखाली बिघडलेलाच निघेल. बॅकअपला 'सीपी' वापरा, आणि तोही दुसऱ्या डिस्कवर.