नकाशाने काय गाळलं?

नकाशा समोर आला की त्यात काय दाखवलंय ते आपण पाहतो. आज उलटं पाहू. त्यातून काय गाळलंय?

लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा घ्या. हॅरी बेक या आरेखकाने केलेला हा नकाशा १९३३ साली प्रवाशांच्या हाती आला. रेषा फक्त आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत तिरक्या. दाटीचा मध्यभाग पसरवलेला, लांबची उपनगरं जवळ ओढलेली. अंतरांच्या दृष्टीने तो चुकीचाच. पण गाडी कुठे बदलायची, या प्रश्नाचं उत्तर तो चोख देतो. प्रश्न ठरला की काय गाळायचं ते ठरतं.

मात्र गाळण्याची किंमत असते. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर तीनशे मीटरही नाही. नकाशावर तसं कळतच नाही, मग चालत जायचं सोडून नवखा माणूस तिकीट काढतो. नकाशा नुसता वाट दाखवत नाही, तो आपल्याला वागायलाही लावतो.

बेकने जमिनीवरची एकच खूण ठेवली होती: थेम्स नदी. २००९ मध्ये सुटसुटीतपणासाठी तीही काढली. लोक चिडले, आणि काही महिन्यांतच नदी परतली. गाडी बदलायला नदी लागत नाही, हे खरं. पण आपण शहराच्या कुठल्या अंगाला आहोत, हे तिच्यावरूनच कळायचं. हा प्रश्नही प्रवाशाचाच होता. आरेखकांच्या यादीत तो नव्हता, इतकंच.

म्हणून नकाशा सुबक आहे की नाही, हे मागाहून बघू. कोणाचा प्रश्न धरून तो काढलाय, हे आधी विचारू.