जटपुऱ्याचा दगड

पोरांनो, नागपूरहून चंद्रपुरात शिरताना जटपुरा गेट लागतं. गाडी तिथं हमखास अडकते. वैतागू नका, खिडकीतून वर बघा. हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला दिसेल. ते गोंड राजांचं चिन्ह.

त्यांच्यातल्या खांडक्या बल्लाळशहाची गोष्ट तिकडं लहानथोरांना पाठ. झरपट नदीच्या पाण्यानं राजाच्या अंगावरचे फोड बरे झाले. मग त्याला दिसला एक ससा, चक्क कुत्र्याच्या मागे लागलेला! राणी म्हणाली, ससा धावला त्या वाटेनं कोट बांधा. ससा खरा की खोटा, देव जाणे. कोट मात्र खरा आहे. त्याला जटपुऱ्यासह चार दरवाजे, शिवाय पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे.

माझी गोष्ट त्या सशाच्याही फार आधीची. आपल्या कळमेश्वरात विहीर खणली की काळा पाषाण लागतो. तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून उकळत आलेला लाव्हा. कोटाचा दगड निराळा. त्यावर बोट घासलं की रेतीचे कण हाताला लागतात. हा वालुकाश्म. पंचवीसेक कोटी वर्षांपूर्वी, डायनासोरचा पत्ताही नव्हता तेव्हा, तिकडं रुंद नद्या वाहायच्या. दर पुराला रेतीचा नवा थर. वरून ओझं वाढत गेलं, पाण्यातली खनिजं कणाकणांत जाऊन बसली आणि रेतीचा खडक झाला. लोहानं त्याला तांबूस-पिवळा रंग दिला. जगभरचे भूशास्त्रज्ञ या खडकांना ‘कामठी’ म्हणतात. हो, आपलीच नागपूरजवळची कामठी! त्यांच्याही खाली चंद्रपूरचा कोळसा, त्याहून जुन्या जंगलांचा.

हा दगड छिन्नीला बरा, म्हणून त्यात सिंह कोरता आला. पण दगडाचा एक स्वभाव आहे: दाबलं तर सोसतो, ताणलं तर तडकतो. दरवाजावर लांब सरळ शिळा टाकली की ती खालच्या बाजूनं ताणली जाते. कमानीत तसं होत नाही. तिचे चिरे वर रुंद, खाली निमुळते, त्यामुळे त्यांना निसटायला वाटच नसते. एकमेकांना रेटत ते सगळा भार दोन्ही बाजूंच्या भिंतींवर उतरवतात.

कमानीचा खरा वैरी पिंपळ. पक्ष्याच्या विष्ठेतलं बी सांध्यात रुजतं आणि मूळ जाडावलं की चिरा ढकलतं. 2017 मध्ये ‘इको-प्रो’ संस्थेच्या पोरांनी कोटावरची झुडपं काढायला घेतली. मोठं काम केलं हो त्यांनी! फक्त असं झाड कधी हिसकून उपटायचं नाही. खोड कापून मूळ जागीच मारायचं. नाहीतर मुळासोबत चिराही हातात येतो.